भाजी अंगच्या पाण्यात शिजते: सांगलीत नव्याने चूल मांडणाऱ्यांसाठी

‘काकू, भाजीत पाणी किती घालायचं?’ शिकायला किंवा नोकरीला सांगलीत आलेली, विश्रामबागेत नाहीतर मिरज रस्त्याला खोली घेऊन राहणारी मुलं-मुली स्वयंपाकाला लागली की हा प्रश्न हमखास विचारतात. कोरड्या भाजीपुरतं उत्तर सोपं आहे: घालायचं नाही. १०० ग्रॅम वांग्यात किंवा कोबीत ९२ ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं. घेवड्यात ९०, दोडक्यात तर ९५. एवढं पाणी भाजी स्वतःच घेऊन येते. ते बाहेर कसं काढायचं, वाफ करून कढईत कसं कोंडायचं आणि शेवटी कसं आटवायचं, एवढं जमलं की बाजारातल्या निम्म्याहून अधिक भाज्या तुमच्या हातात आल्या. वरून पाणी ओतलं की भाजी शिजते खरी, पण ती उकडलेली लागते आणि मग चव आणायला मसाला वाढवत बसावं लागतं.

म्हणून या लेखात पाककृतींची जंत्री दिलेली नाही. एक घेवडा नीट, सावकाश शिकायचा, त्यावरून बाकीच्या ओळखायच्या आणि मग कृष्णाकाठच्या भरल्या वांग्यांना हात घालायचा, असा क्रम ठेवला आहे. भाकरीची काळजी आत्ताच नको. पोळी-भाजी केंद्रावर शाळूची ताजी भाकरी विकत मिळते. भाकरी विकत आणि कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरची भाजी, घरचं, अशी सुरुवात केली तरी पोटाला आणि खिशाला दोन्हीला बरं पडतं.

आधी जमवाजमव

जाड बुडाची कढई घ्या. पातळ पत्र्याच्या कढईत खालून करपतं आणि वरून कच्चं राहतं. लोखंडी कढई उत्तमच, पण तिच्यात चिंच किंवा आमसूल घातलेली भाजी ठेवून देऊ नका, काळी पडते आणि लोखंडाची चव उतरते. शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. इंडक्शनची शेगडी असेल तर कढईचं बूड सपाट हवं.

झाकण म्हणून काचेचं किंवा चपटं झाकण नको, काठ असलेलं स्टीलचं ताट हवं. त्या ताटात पाणी ओतून ठेवायचं असतं. कढईतली वाफ वर जाते, थंड ताटाला लागते, तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा भाजीत पडतात. बाहेर काही जात नाही. शिवाय ताटातलं पाणी हळूहळू तापतं, आणि भाजी खाली लागते आहे असं वाटलंच तर तेच गरम पाणी चमचाभर सोडता येतं. भाजीत गार पाणी पडलं की शिजणं थबकतं. आपल्या आज्या हे ताट ठेवताना कुणाला कारण सांगत बसल्या नाहीत, पण या एका ताटात निम्मा स्वयंपाक आहे असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक उलथनं, एक पक्कड, सुरी आणि मिसळणाचा डबा. डब्यात मोहरी, जिरं, हळद, हिंग, धणे-जिरेपूड आणि मीठ असलं की पुरे. कढीपत्ता आणि कोथिंबीर भाजीवाल्या मावशींकडून घ्या, ओळख झाली की त्या कढीपत्त्याची काडी तशीच हातावर ठेवतात.

हळदीच्या बाबतीत तुम्ही भाग्यवान आहात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवायची जुनी रीत आहे. इथे राहून पाकीटबंद परगावची हळद वापरू नका. किराणा दुकानात किंवा गिरणीत स्थानिक हळद मागा. ती कमी लागते, पाव चहाचा चमचा अर्ध्या किलो भाजीला बास. जास्त झाली की कडवट लागते. आणि ती तेलातच घालायची, कारण हळदीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा उतरत नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे चटणी. इथे कुणी ‘भाजीत दोन चमचे चटणी टाक’ म्हटलं तर नारळाची किंवा पुदिन्याची वाटी आणायला धावू नका. कांदा-लसूण मसाल्याला इथल्या घरांत चटणीच म्हणतात. उन्हाळ्यात मिरची वाळवून, तिच्यात धणे, तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, खडा मसाला भाजून-तळून घालून, कांडपावर कुटून वर्षाची चटणी भरून ठेवतात. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी. प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं, म्हणून तिखटपणाही वेगळा. घरमालकिणीकडून वाटीभर मिळाली तर नाही म्हणू नका. नवीन चटणी आधी जिभेवर ठेवून बघा आणि मगच चमचा ठरवा. बहुतेक चटण्यांत मीठ असतं, तेही तेव्हाच कळतं.

दाण्याचा कूट

सातारा-सांगलीकडची भाजी कुटाशिवाय पुरी होत नाही. कूट विकतचा घेऊ नका, तो कधीचा आहे ते कळत नाही. पाव किलो शेंगदाणे आणा आणि आधी निवडा. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे सरळ टाकून द्या. त्यात काटकसर नको, बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही.

कढई मध्यम तापली की दाणे घाला आणि आच बारीक करा. सारखं हलवत दहा-बारा मिनिटं भाजा. मोठ्या आचेवर सालं काळी होतात, दाणा आतून कच्चाच राहतो. दाणा दोन बोटांत चोळला की साल सुटलं पाहिजे आणि आतला रंग फिका बदामी दिसला पाहिजे. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम दाणे मिक्सरला लावले तर तेल सुटून गोळा होतो. सालं चोळून, फुंकरीने उडवून, मिक्सर थांबत-थांबत फिरवा, एका दमात नको. रव्यापेक्षा जाडसर कूट हवा, दातांखाली बारीकसा दाणा आला पाहिजे. कोरड्या बरणीत पंधरा दिवस चांगला राहतो. खवट वास आला की टाकायचा.

मंडईत

सांगलीत शिवाजी मंडई, शनिवारचा बाजार, मिरजेत लक्ष्मी मार्केट. संध्याकाळी भाव उतरतो, पण तुमच्यासारख्या नवख्यांनी पहिले काही दिवस सकाळीच जावं, कारण ताजी भाजी कशी दिसते ते डोळ्यांना कळायला हवं. एकदा डोळा तयार झाला की मग संध्याकाळच्या ढिगातूनही चांगलं निवडता येतं.

घेवडा घेताना एक शेंग मोडून बघा. ‘टक्’ असा आवाज येऊन मोडली पाहिजे. वाकली आणि मोडली नाही तर ती शिळी. दाणे फुगून शेंगेवर गाठी दिसत असतील तर ती जून झालेली, कितीही शिजवा, दोरा दातांत अडकणारच. आणि सातारकडच्या माणसाला ‘घेवडा’ म्हणालात तर कोणता ते स्पष्ट सांगा. कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा हा लाल रेघांचा वाळका दाणा आहे, त्यालाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो रात्रभर भिजवून उसळ करायचा असतो. आपल्याला हवा आहे हिरव्या शेंगांचा, श्रावणी घेवडा.

दोडका किंवा दुधी घेतलात तर घरी चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि ती भाजी फेकून द्या. गूळ घालून, मसाला वाढवून कडवटपणा झाकू नका. कडू दुधीने माणसं दवाखान्यात गेली आहेत, जिवालाही मुकली आहेत.

पहिली भाजी: घेवडा

दोघांपुरतं साहित्य सांगते. घेवडा अर्धा किलो, तेल तीन मोठे चमचे, मोहरी अर्धा आणि जिरं अर्धा चहाचा चमचा, हिंग दोन चिमटी, हळद पाव चमचा, लसणाच्या सहा-सात पाकळ्या ठेचून, कढीपत्ता, चटणी दीड चहाचा चमचा, थोडी धणे-जिरेपूड, मीठ पाऊण चमचा, कूट चार मोठे चमचे, गुळाचा छोटा खडा, कोथिंबीर.

शेंगा आधी धुवा आणि मग चिरा. चिरून धुतल्या की चव पाण्याबरोबर मोरीत जाते. दोन्ही टोकं मोडून दोरा ओढून काढा. मग पेराच्या निम्म्याएवढे तुकडे करा, आणि ते सगळे सारखे हवेत. नवखे इथेच घाई करतात. लहान-मोठे तुकडे एका वेळी शिजत नाहीत. मोठे शिजेपर्यंत लहानांचा लगदा होतो. चिरायला पंधरा मिनिटं लागली तरी लागू द्या.

चुलीला आग लावायच्या आधी सगळं हाताशी मांडून ठेवा. फोडणी अर्ध्या मिनिटात होते आणि लसूण सोलायला थांबत नाही.

कढई तापवा, तेल घाला. तेल तापलं का ते मोहरीचे दोन दाणे टाकून कळतं. लगेच तडतडले तर बाकीची मोहरी घाला. तळाशी गप्प बसले तर थांबा. न तडतडलेली मोहरी कडू लागते, आणि तिच्यामुळे सगळी भाजी कडवट होते. मोहरी उडायची कमी झाली की जिरं, मग हिंग, मग कढीपत्ता. कढीपत्ता ओला असेल तर तेल उडतं, म्हणून ताट आडवं धरा. लसूण घाला आणि आच कमी करा. लसणाच्या कडा सोनेरी दिसल्या की हळद, आणि हळदीच्या मागोमाग लगेच भाजी. हळद तेलात क्षणभरच राहायला हवी, जास्त राहिली तर जळते.

चटणी अजून घालायची नाही. तिच्यात भाजलेलं खोबरं, कांदा आणि मिरची आहे. नुसत्या तापलेल्या तेलात पडली की काही क्षणांत काळी होते, आणि खोलीभर असा ठसका उठतो की शेजारचेही खोकतात. भाजी कढईत आल्यावर तेलाची धग कमी होते, तेव्हाच चटणीची वेळ येते.

घेवडा मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परता. प्रत्येक तुकड्याला तेल आणि हळद लागली पाहिजे, हिरवा रंग गडद आणि चकचकीत दिसू लागतो. आता मीठ. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं, आणि आपल्याला वाफेसाठी तेच पाणी हवं आहे, म्हणून घेवड्याला मीठ सुरुवातीला. मग चटणी आणि धणे-जिरेपूड, एकदा हलवून घ्या. आच अगदी बारीक करा. ताट झाका, ताटात पेलाभर पाणी ओता.

पाच मिनिटं उघडू नका. दर मिनिटाला झाकण काढून बघण्याचा मोह होतो, पण प्रत्येक वेळी सगळी वाफ निघून जाते आणि भाजी कोरडी पडून खाली लागते. मग पाणी घालावंसं वाटतं. पाच मिनिटांनी पक्कडीने ताट उचला, ताटातलं पाणी सांडू नका. कढईत तळाशी थोडं पाणी सुटलेलं दिसेल. ते घेवड्याचं अंगचं पाणी. तळापासून हलवा, पुन्हा झाका. आणखी पाच-सात मिनिटांत एक तुकडा उलथन्याच्या कडेने दाबून बघा. सहज तुटला पण चेंदला नाही, तर झाला. इंडक्शनवर फोडणीला मध्यम आणि वाफेला सगळ्यात खालचा आकडा ठेवा. तिथे मधोमध जास्त तापतं, म्हणून एकदा जास्त हलवावं लागतं.

ताट बाजूला करा. गूळ घाला, कूट घाला, आच थोडी वाढवा आणि दोन मिनिटं परता. उरलेलं पाणी कूट पिऊन घेतो आणि कूट प्रत्येक तुकड्याला चिकटतो. कडेला तेल दिसू लागलं की बंद करा. कोथिंबीर आच बंद केल्यावर. कूट आधी घातला तर तो खाली बसून करपतो, म्हणून त्याची जागा शेवटीच.

ही भाजी लागोपाठ दोन-तीनदा करा. मन उबगेल, तरी करा. मोहरीचा आवाज, लसणाचा रंग आणि वाफेचा वास ओळखीचा झाला की वेळ बघावी लागत नाही.

याच वाटेने बाकीच्या

कोबी बारीक चिरून सहा-सात मिनिटांत होतो. झाकण तीनच मिनिटं पुरे, नाहीतर त्याला उग्र वास येतो. कोबीला चटणीपेक्षा हिरवी मिरची आणि भिजवलेली हरभरा डाळ चांगली लागते. डाळ दोन तास आधी भिजत घाला.

दोडका अंगचं एवढं पाणी सोडतो की ताटात पाणी ठेवायचीही गरज नाही. नुसतं झाका, आठ मिनिटं. मीठ मात्र शिजल्यावर घाला आणि हात आखडता ठेवा, कारण दोडका शिजून निम्मा होतो. सोलताना निघालेल्या शिरा टाकू नका. त्या बारीक चिरून तेलावर कुरकुरीत परता, तीळ, सुकं खोबरं, लसूण, मीठ आणि तिखट घालून जाडसर वाटा. शिरांची ही चटणी भाकरीबरोबर दोन दिवस पुरते.

गवार हट्टी आहे. तिला पंधरा मिनिटं तरी लागतात, आणि तिच्या फोडणीत जिऱ्याऐवजी ओवा घालतात, पचायला बरा पडतो. गवार कोवळी नसेल तर ताटातलं गरम पाणी दोन-चार चमचे सोडावं लागतं. तेवढं सोडा, संकोच करू नका. शेंग जून असली की तिच्यात पाणीच कमी असतं.

बटाटा चकत्या करून घातला तर तोही असाच वाफेवर होतो, फक्त सुरुवातीचं परतणं जास्त करायचं.

झाकण न ठेवायच्या दोन

मेथी आणि भेंडी झाकायची नाही. मेथीवर झाकण ठेवलं की पानांतले आम्ल पदार्थ वाफेबरोबर बाहेर पडण्याऐवजी आतच कोंडतात आणि हिरवा रंग मळकट होतो. उघडी परतली तर पाच-सहा मिनिटांत हिरवीगार राहते. पानं आणि कोवळ्या काड्या खुडून घ्या. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन जुडी बुडवा, आणि पानं वरून उचलून घ्या, पाणी ओतू नका. ओतलं तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करायचं, तीनदा तरी. नंतर निथळत ठेवा. फोडणीत लसूण भरपूर, सुकी किंवा हिरवी मिरची, मग मेथी. ढीगभर दिसते आणि बघता बघता मूठभर होते, म्हणून मीठ अगदी शेवटी. कूट दोन चमचे किंवा भिजवलेली मूगडाळ. डाळ मेथीच्या आधी फोडणीत घालून मऊ करून घ्यायची.

भेंडीचा शत्रू पाणी. धुवून, फडक्याने कोरडी पुसून, मग चिरा. सुरीही कोरडी. तेल नेहमीपेक्षा चमचाभर जास्त, आच मध्यम, झाकण नाही, मीठ शेवटी. तार सुटायला लागली की दोन आमसुलं किंवा लिंबाचा रस घाला. आंबटाने चिकटपणा मोडतो. सारखी ढवळली तर जास्त चिकट होते, मधूनच हलवा. दहा-बारा मिनिटांत कडा तांबूस झाल्या की उतरवा.

कृष्णाकाठची भरली वांगी

आता मानाची भाजी. कृष्णेच्या काळ्या गाळाच्या रानातलं काटेरी देठाचं, रेघांचं छोटं वांगं थंडीत येतं तेव्हा त्याच्या चवीला तोड नाही. गर लोण्यासारखा मऊ, बिया नावाला. उन्हाळ्यात वांगं मिळतं, पण तेव्हा त्यात बिया जास्त आणि कधीकधी कडवटपणा. ही भाजी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शिका.

आठ-दहा वांगी घ्या, एकाच आकाराची, अंड्याएवढी. हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानाने हलकं घ्या, जडात बिया असतात. देठ हिरवा आणि त्याचे काटे बोटाला टोचणारे, म्हणजे ताजं. सालीवर बारीक भोक दिसलं तर ठेवून द्या, आत अळी आहे. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठ्याने वांगं आतून तपकिरी पडतं. टोपलीत ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत करून टाका.

देठ काढायचा नाही, फक्त काटे आणि टोक छाटायचं. खालच्या बाजूने अधिक चिन्हासारखे दोन छेद द्या, देठाच्या अलीकडे पेरभर थांबा. चारही फाका देठाशी जोडलेल्या राहिल्या पाहिजेत. कापल्याबरोबर मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर हवेने काळी पडतात. फाका थोड्या उघडून आत नजर टाका, किडकं असेल तर आत्ताच कळतं.

सारणाला कूट पाऊण वाटी, भाजलेल्या तिळाचा कूट दोन चमचे, भाजलेलं सुकं खोबरं दोन चमचे, चटणी दोन-अडीच चमचे, धणे-जिरेपूड एक चमचा, हळद चिमूटभर, लसूण-आलं-कोथिंबिरीचं वाटण एक मोठा चमचा, सुपारीएवढा गूळ, मीठ एक चमचा, आणि एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून. एक चमचा तेल घालून हाताने कालवा. कांद्याला पाणी सुटून सारण आपोआप मिळून येतं. चाखून बघा. सारण थोडं खारट, थोडं तिखट लागलं पाहिजे, कारण वांग्याला स्वतःची चव सौम्य असते.

वांगी निथळून भरा. बोटाने सारण थेट देठापर्यंत दाबा. नवखी मंडळी टोकाशीच भरतात आणि वरचा गर अळणी राहतो. चार-पाच चमचे सारण मुद्दाम शिल्लक ठेवा.

कढईत तेल चार-पाच मोठे चमचे. इथे तेलाचा हात आखडला तर वांगं चरबरीत होतं. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल असेल तर काय सांगावं. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद. वांगी एकेक करून आडवी ठेवा, एकावर एक रचू नका. मध्यम आचेवर तीन-चार मिनिटांत एक बाजू खरपूस होते, मग देठ धरून किंवा चिमट्याने पलटा. उलथन्याने ढवळायचं नाही, फाका तुटतात. सगळ्या बाजू परतल्या की आच बारीक, ताट झाका, ताटात पाणी.

दर पाच मिनिटांनी वांगी फिरवा. दहा मिनिटांनी उरलेलं सारण कढईत मोकळं टाका आणि ताटातलं गरम पाणी अर्धी वाटी ओता. पाणी न घालण्याच्या नियमाला इथे अपवाद करायचा, कारण कूट आणि तीळ वांग्याचं सगळं पाणी पिऊन टाकतात आणि खाली लागतात. हे पाणी कुटासाठी आहे, वांग्यासाठी नव्हे. पुन्हा झाका. लहान वांग्यांना एकूण पंधरा ते वीस मिनिटं लागतात. शिजलं का ते टोकाशी बघू नका. देठाच्या अगदी खाली सुरीचं टोक टोचा. तिथे लोण्यात शिरल्यासारखं शिरलं म्हणजे झालं. सगळ्यात उशिरा शिजतो तो हाच भाग.

चिंचेचा कोळ दोन चमचे घालायचा तो आत्ता. आधी घातला असता तर आंबटामुळे वांगं कडक राहिलं असतं आणि तुम्ही आच वाढवत बसला असता. कोळ घालून दोन मिनिटं उघडं ठेवा. तेल कडेने सुटलं, रस अंगाबरोबर झाला की उतरवा. लगेच वाढू नका. अर्धा तास झाकून ठेवलं की सारण आणि वांगं एकजीव होतं. सकाळी केलेली भाजी संध्याकाळी अधिक चांगली लागते, हे इथल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे.

बिघडलं तर

मीठ जास्त झालं तर कूट किंवा उकडलेला बटाटा कुस्करून घाला. तिखट झालं तर कूट आणि गूळ वाढवा, ताटात दही घ्या. पाणी फार सुटलं तर झाकण काढून आच वाढवा, आणि तरी राहिलंच तर कोरडं भाजलेलं बेसन चमचाभर भुरभुरा. करपल्याचा वास आला तर तळ खरवडू नका. वरची भाजी अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. तळाचा जळका थर एकदा मिसळला की काही उपाय नाही.

डबा न्यायचा असेल तर भाजी पूर्ण गार करून झाकण लावा. एप्रिल-मे महिन्यात सांगलीच्या उन्हात कच्चा कांदा आणि खोबरं असलेलं सारण लवकर आंबतं. त्या दिवसांत डब्याला घेवडा किंवा गवारच न्या.

पुढची पायरी: भोगीची भाजी

वांगी जमली की संक्रांतीच्या आदल्या दिवसाची वाट बघा. भोगीला पावटा, घेवडा, वांगं, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे असं मिळेल ते सगळं एका कढईत पडतं आणि तिळाचा कूट सढळ हाताने. इथे नवी अडचण येते, कारण प्रत्येकाची शिजायची वेळ वेगळी. क्रम लक्षात ठेवा: आधी पावटा आणि सोलाणे, पाच-सहा मिनिटांनी गाजर आणि घेवडा, आणखी पाच मिनिटांनी वांग्याच्या फोडी. कूट आणि तीळ शेवटी. वांगं आधी पडलं तर विरघळून जातं. त्या दिवशी मंडईत सकाळी गर्दी होते आणि पावट्याचा भाव चढतो, म्हणून शेंगा आदल्या संध्याकाळीच आणून सोलून ठेवा. भाकरीही त्या दिवशी बाजरीची, तीळ लावलेली लागते. केंद्रावर ती लवकर संपते, आदल्या दिवशीच सांगून ठेवा.